अँटेना पुन्हा पुन्हा २०-२५ अंश चुकते? रोटेटर माप कुठून घेतोय ते आधी बघा

घरी बनवलेल्या रोटेटरला, म्हणजे उपग्रहामागे अँटेना फिरवणाऱ्या यंत्राला, एक आजार जडतो. तो बरा झाल्यासारखा वाटतो आणि पंधरा दिवसांनी परत येतो. स्क्रीनवर आकडा बरोबर असतो, उपग्रह पूर्वेला चढत असतो, आणि गच्चीवर जाऊन बघावं तर यागी (एकाच दिशेचं जास्त ऐकणारी अँटेना) भलतीकडेच तोंड करून उभी. आपण शून्य, म्हणजे उत्तर दिशा, नव्याने लावतो, दोन-तीन पास (उपग्रहाच्या आपल्या आकाशातल्या फेऱ्या) छान ऐकू येतात, मग पुन्हा तेच. माझ्या बेळगावातल्या अनगोळच्या गच्चीवर हे तीन वेळा झालं. परवा निपाणीच्या मित्राचा फोन आला, त्याचंही अगदी हेच रडगाणं. त्याला तासभर जे सांगितलं ते सगळं नीट लिहून काढतोय. शून्य लावत बसण्यात माझे जेवढे दिवस गेले तेवढे दुसऱ्या कुणाचे जाऊ नयेत.

आधी माझी जुळणी सांगतो. एकाच बूमवर (अँटेनाच्या आडव्या दांड्यावर) १४५ मेगाहर्ट्‌झची ३ एलिमेंटची आणि ४३५ ची ७ एलिमेंटची यागी. अझिमथसाठी (उत्तरेपासून मोजलेली आडवी दिशा) गाडीची जुनी वायपर मोटर, ती मिनिटाला साधारण ४० फेरे घेते. तिच्यापुढे भंगारात मिळालेला ६०:१ चा वर्म गिअरबॉक्स, म्हणजे अँटेना सेकंदाला ४ अंश फिरते. एलेव्हेशनला (क्षितिजापासून वर किती अंश) दुसरी मोटर आणि एमपीयू-६०५० सेन्सर. हा सेन्सर गुरुत्वाकर्षणावरून कल मोजतो, त्याने आजवर कधी दगा दिला नाही. कंट्रोलर म्हणून अर्डुइनो नॅनो हा छोटा बोर्ड, त्याच्याशी बोलायला ईझीकॉम प्रोटोकॉल, आणि लॅपटॉपवर उपग्रह कुठे आहे ते सांगणारा जीप्रेडिक्ट, दोघांच्या मध्ये दुभाषा म्हणून हॅमलिबचा रोटसीटीएलडी पोर्ट ४५३३ वर. बहुतेकांची जुळणी थोड्याफार फरकाने अशीच असते.

मी उपग्रह ऐकायला लागलो ते हॅमसॅटवर, हौशी रेडिओवाल्यांसाठीच्या भारतीय उपग्रहावर. ५ मे २००५ ला श्रीहरिकोटाहून पीएसएलव्ही-सी६ ने कार्टोसॅट-१ बरोबर गेलेला आपला हॅमसॅट २०१४ पर्यंत चालला. तेव्हा रोटेटर कुठला, हातात यागी धरून उभं राहायचं. आवाज बारीक झाला की मनगट आपोआप वळायचं. त्या काळात दिशा कधी चुकली नाही, कारण कान थेट अँटेनाचंच ऐकत होता. हाताच्या जागी मोटर आली आणि कानाच्या जागी सेन्सर आला, तिथून सगळा घोळ सुरू होतो. सेन्सर अँटेनाचं न सांगता मध्येच कुठल्या तरी भागाचं सांगत असतो. पुढचे तिन्ही बिघाड याच एका गोष्टीतून आलेत.

स्पॅनर हातात घेण्याआधी

आवाज गेला म्हणजे दिशा चुकली असं लगेच धरू नका. एसओ-५० या हौशी रेडिओ उपग्रहाचा डाउनलिंक (खाली येणारा सिग्नल) ४३६.७९५ मेगाहर्ट्‌झ आहे, पण डॉपलरमुळे, म्हणजे उपग्रहाच्या वेगामुळे, तो पासच्या सुरुवातीला जवळजवळ १० किलोहर्ट्‌झ वर आणि शेवटी तेवढाच खाली सरकतो. रेडिओ एकाच आकड्यावर ठेवला तर अर्ध्या पासनंतर खरखर ऐकू येणारच, त्यात रोटेटरचा दोष नाही. उपग्रह स्वतः गिरक्या घेत असतो, त्यामुळे आडवी यागी आणि त्याची उभी लहर अशी गाठ पडली तर सिग्नल अचानक बुडतो आणि दहा-वीस सेकंदांत परत वर येतो. हेही दिशेचं दुखणं नव्हे.

डोक्यावरून जाणारा पास ही तिसरी गोष्ट, आणि इथे बरेच जण फसतात. अंतराळ स्थानक साधारण ४२० किलोमीटर उंचीवरून सेकंदाला ७.६६ किलोमीटर वेगाने जातं. पास ४५ अंशांपर्यंतच चढला तर अझिमथ जास्तीत जास्त सेकंदाला १ अंश सरकतो, माझी मोटर ते हसत करते. तोच पास ८५ अंशांवरून गेला तर माथ्यावर अझिमथला सेकंदाला १२ अंश धावावं लागतं. ४ अंशांची मोटर तिथे काही सेकंद मागे राहणारच. तेवढ्या वेळात उपग्रह डोक्यावरच असतो आणि यागीही जवळजवळ वरच बघत असते, म्हणून ऐकण्यात फारसा फरक पडत नाही. तेव्हा रोटेटरची परीक्षा घेताना ३० ते ५० अंशांपर्यंत चढणारा पास निवडा.

चौथी गोष्ट वेळ. लॅपटॉपचं घड्याळ ३० सेकंद चुकलं तर उपग्रह २३० किलोमीटर पुढे किंवा मागे असतो, आणि जवळून जाणाऱ्या पासला ही चूक २८-२९ अंशांची होते. नेमकी आपल्या आजाराच्या मापाची! गच्चीवर इंटरनेट नसलेला जुना लॅपटॉप नेत असाल तर आधी घड्याळ लावा, स्थानकाचे कक्षेचे आकडे दोन-तीन दिवसांत आणि बाकी उपग्रहांचे निदान आठवड्यात एकदा ताजे करा. ठिकाणही तपासा. बेळगाव साधारण १५.८५ उत्तर, ७४.५ पूर्व, हौशी रेडिओवाल्यांच्या नकाशातला ग्रिड चौकोन एमके७५. पूर्वेच्या जागी पश्चिम टाकलेलं मी एकाच्या लॅपटॉपवर डोळ्यांनी बघितलंय.

शिंप्याची टेप

आता मुख्य कामाची गोष्ट. रोटेटरला तिसरा साक्षीदार द्या, आणि तो विजेवर चालणारा नको.

चार इंची जीआय पाइपचा बाहेरचा व्यास ११४.३ मिलिमीटर असतो, म्हणजे घेर ३५९ मिलिमीटर. त्याच्याभोवती शिंप्याची टेप गुंडाळली की १ मिलिमीटर म्हणजे १ अंश. उरलेला १ मिलिमीटर सोडून द्या. माझ्या रोटेटरचा खालचा न फिरणारा भाग याच पाइपचा तुकडा आहे. टेपचे ३६ सेंटिमीटर कापून, पाइपभोवती चिकटवून, वरून पारदर्शक चिकटपट्टी मारली आणि फिरणाऱ्या दांड्याला सायकलच्या स्पोकचा तुकडा काटा म्हणून वाकवून लावला. काटा टेपपासून नखाएवढ्या अंतरावर फिरतो. खर्च म्हणावा तर टेपचाच.

यानंतर बिघाड आला की तीन आकडे एकाच वेळी वहीत उतरवा: जीप्रेडिक्ट काय मागतोय, कंट्रोलर काय सांगतोय, टेपवर काय दिसतंय. कंट्रोलर आणि टेप जुळतात पण जीप्रेडिक्ट वेगळा आहे, तर दोष केबलमध्ये किंवा सेटिंगमध्ये. जीप्रेडिक्टमध्ये अझिमथ ० ते ३६० की उणे १८० ते १८० हे निवडावं लागतं. तुमच्या रोटेटरचा थांबा उत्तरेला असेल तर पहिलं, दक्षिणेला असेल तर दुसरं. ते उलटं पडलं की पासच्या मध्यावर अँटेना अख्खी गिरकी घेते. तिन्ही आकडे एक आहेत आणि तरी ऐकू येत नाही, तर वेळ, कक्षेचे आकडे किंवा टेपचं शून्य बघा. आणि जीप्रेडिक्ट-कंट्रोलर एक बोलतात, टेप दुसरंच बोलते, तर माप खोटं आहे. माझ्याकडे तिन्ही वेळा मापच खोटं निघालं.

माप खोटं ठरलं की एवढ्यावर थांबू नका. अँटेना ३०-३० अंशांनी पूर्ण फिरवा आणि प्रत्येक ठिकाणी टेप व कंट्रोलरमधला फरक लिहा. नंतर उलट फिरवत परत या. चूक सगळीकडे सारखीच असेल तर शून्य सरकलंय. एका दिशेला अधिक आणि समोरच्या दिशेला उणे अशी लाटेसारखी असेल तर होकायंत्राचा सेन्सर लोखंडाने भुललाय. फेरीगणिक वाढत गेली तर कुठेतरी काहीतरी घसरतंय. अर्ध्या तासाचं काम आहे, पण आळस करू नका.

पहिली वेळ: होकायंत्र आणि मोटरची वायर

सुरुवातीला अझिमथसाठी मी होकायंत्राचा सेन्सर वापरला होता. बाजारात एचएमसी५८८३एल म्हणून जो बोर्ड मिळतो त्यावर पुष्कळदा क्यूएमसी५८८३एल चिप असते. पहिलीचा पत्ता ०एक्स१ई, दुसरीचा ०एक्स०डी, आणि आतले रजिस्टरही वेगळे. सेन्सर सापडतच नसेल तर हे आधी बघा.

माझा सेन्सर सापडत होता. घरात हातात धरून, आठच्या आकड्यात फिरवून कॅलिब्रेट केला की टेबलावर एकदम चोख. वर चढवला की आठवड्यात चूक. मी पुन्हा खाली आणायचो, पुन्हा आठचा आकडा, पुन्हा वर. असं पाच-सहा वेळा केलं. आपल्या भागात पृथ्वीचं चुंबकक्षेत्र बरंचसं आडवं असतं आणि खरी उत्तर व चुंबकीय उत्तर यांतला फरकही दोन अंशांच्या आतच, त्यामुळे दोष पृथ्वीचा नाही एवढं कळत होतं. टाकीचा अँगलचा स्टँड, स्लॅबच्या सळ्या, गिअरबॉक्सचं बिडाचं अंग हे सगळं वर आहे आणि टेबलावर नाही, हे मात्र ध्यानात यायला उशीर लागला. सेन्सर ज्या लोखंडात राहणार त्या लोखंडातच कॅलिब्रेट करायला हवा, गच्चीवर, जागेवर बसवून, अँटेना फिरवत.

तसं केल्यावर लाट गेली. पण मोटर चालू असतानाच चूक यायची आणि थांबली की जायची. अँटेना जागेवरच मान डोलावल्यासारखी पुढे-मागे करत राहायची. मोटर फिरली की सेन्सर चुकीचं सांगे, मोटर थांबली की खरं सांगे, कंट्रोलरला वाटे अजून पोचलो नाही, पुन्हा मोटर. कारण होतं मोटरची पॉझिटिव्ह वायर. ती सेन्सरपासून ५ सेंटिमीटरवरून गेली होती आणि निगेटिव्ह मी फ्रेमवरच दिली होती. एकट्या वायरमधून ५ अँपिअर गेले तर ५ सेंटिमीटरवर २० मायक्रोटेस्लाचं क्षेत्र तयार होतं. पृथ्वीचं आडवं क्षेत्र इथे साधारण ४०. म्हणजे सुई ३० अंशांपर्यंत सरकू शकते. हे गणित कागदावर सुटलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी बॅटरी घेऊन गच्चीवर पळालो.

उपाय सोपा. जाणारी आणि येणारी वायर एकमेकींना पीळ घालून एकत्र न्या, फ्रेममधून परतीचा करंट सोडू नका, सेन्सर बूमच्या मागच्या टोकाला ॲल्युमिनियमवर न्या. एवढ्याने मान डोलणं बंद झालं. तरीही माझं स्पष्ट मत आहे की अझिमथसाठी चुंबकीय सेन्सर लावू नये. शेजारी कुणी लोखंडी शेड उभी केली तरी तुमचा उत्तर ध्रुव सरकतो.

दुसरी वेळ: एक ग्रब स्क्रू

मग मी पल्स मोजायला लागलो. वायपर मोटरच्या दांड्यावर चुंबक, बाजूला हॉल सेन्सर (जवळून चुंबक गेलं की कळवणारा), दर फेऱ्याला एक पल्स. ६०:१ चा गिअरबॉक्स असल्याने एक पल्स म्हणजे अँटेनाचे ६ अंश. चार चुंबक लावले आणि दीड अंशापर्यंत आलो. उन्हाळाभर झकास चाललं.

जूनमध्ये वारा सुटला. खानापूरकडून येणारा पाऊस इथे आडवाच येतो, आणि दोन यागींवर तो वारा बसला की दांड्याला जोराचा पीळ पडतो. पुन्हा २० अंशांची चूक, पण या वेळी लाट नव्हती. दर दोन-तीन दिवसांनी चूक वाढत होती आणि वाऱ्याच्याच दिशेने. पल्स मात्र एकही चुकत नव्हता. मी कोड तीनदा वाचला. दोष कोडमध्ये नव्हताच.

शेवटी गिअरबॉक्स उतरवून उद्यमबागेत एका ओळखीच्या लेथवाल्या मामांकडे नेला. त्यांनी व्हाइसमध्ये धरला, वरचा दांडा पान्याने हलवला आणि एका मिनिटात म्हणाले, "शाफ्ट फिरायलाय आणि चाक जाग्यावरच हाय बघ. एका ग्रब स्क्रूवर एवढं मोठं झाड उभं केलंयस व्हय? चावी मार की!" गोल दांड्यावर चाक धरून ठेवायला एकच ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा छोटा स्क्रू), त्याच्या टोकाने दांड्यावर चकचकीत चरा पडला होता, केसाएवढा रुंद, पाव फेरा लांब. माझ्या चुकलेल्या अंशांचा हिशेबच त्या चऱ्यात कोरलेला होता.

मामांनी दांड्याला आणि चाकाला की-वे (चावीची खाच) काढून चावी बसवली. तेवढं जमत नसेल तर निदान दांड्यावर सपाट जागा घासा, ९० अंशांवर दोन ग्रब स्क्रू लावा आणि त्यांना लॉकचं औषध लावा. पण खरा धडा दुसराच. मी माप मोटरजवळ घेत होतो, घसरण मोटरच्या पुढे होत होती. मोटर प्रामाणिकपणे फिरत होती, मोजणारा प्रामाणिकपणे मोजत होता, आणि अँटेना कुणालाच विचारात न घेता उभी होती. माप शेवटच्या फिरणाऱ्या भागावरच घ्यायचं, ज्याच्यावर बूम बसलाय त्याच दांड्यावर. मध्ये एकही जोड नको.

म्हणून आता वरच्या दांड्याच्या खालच्या टोकाला एएस५६०० हा चुंबकावरून कोन मोजणारा सेन्सर बसवलाय. ४०९६ पायऱ्या, म्हणजे ०.०९ अंशाच्याही आत, आणि वीज गेली-आली तरी आकडा विसरत नाही. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो, त्यामुळे हा गुण मला अचूकतेपेक्षाही मोलाचा वाटतो. फक्त चुंबक बघून घ्या. त्याच्या एकाच चपट्या बाजूचा अर्धा भाग उत्तर आणि अर्धा दक्षिण असा असावा लागतो. साधं, एका बाजूला उत्तर व दुसऱ्या बाजूला दक्षिण असलेलं चुंबक लावलं तर दांडा फिरला तरी आकड्याला अर्थ राहत नाही. चुंबक धरायला पितळेची किंवा ॲल्युमिनियमची टोपी करा, आणि चिपपासून अंतर १ ते २ मिलिमीटर ठेवा. अँटेना ३६० अंशांपेक्षा जास्त फिरत असेल तर कितवा फेरा चालू आहे ते वेगळं लक्षात ठेवावं लागतं, त्यासाठी एक लिमिट स्विच पुरतो.

तिसरी वेळ: पीटीटी (बोलायचं बटण) दाबली की

हा बिघाड फक्त परवाना असलेल्या, बोलणाऱ्या लोकांना येईल. ऐकताना सगळं ठीक, १४५ वर ५ वॉटने बोलायला सुरुवात केली की कंट्रोलरचा आकडा गोठायचा. आकडा गोठला की कंट्रोलरला वाटतं अँटेना हललीच नाही, मग तो मोटर चालूच ठेवतो. एकदा असंच अँटेना थेट थांब्यावर जाऊन आदळली आणि कोॲक्सला (अँटेनाच्या केबलला) हिसका बसला.

सेन्सरपासून खाली नॅनोपर्यंत मी ८ मीटर आयटूसीची केबल टाकली होती. आयटूसी एका बोर्डवरच्या चिपांनी आपसात बोलायला केलेली व्यवस्था आहे. एवढ्या लांब वायरीवर ती आधीच धापा टाकत असते, त्यात ती वायर आपल्याच ट्रान्समीटरची अँटेना बनते. आता नॅनो वरच्याच डब्यात आहे, सेन्सरची वायर १५ सेंटिमीटरची, आणि खाली फक्त आरएस-४८५ (लांब वायरीसाठीची डेटा लाइन) येते. मोटरच्या आणि डेटाच्या वायरींवर फेराइटचे मणी घातले. नॅनोला वेगळा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवून देणारा) दिला, कारण मोटर सुरू होताना बॅटरीचं व्होल्टेज क्षणभर बसतं आणि नॅनो रीसेट होतो.

कोडमध्ये एक ओळ मात्र सगळ्यांनीच घाला, बिघाड असो वा नसो: मोटर चालू असताना एक सेकंदभर आकडा बदलला नाही तर मोटर बंद. या एका अटीने माझी कोॲक्स नंतर दोनदा वाचली.

डब्याबद्दल थोडंसं. वरून, बाजूने घट्ट बंद करा, पण तळाला एक बारीक भोक ठेवा, नाहीतर आत घामासारखं पाणी साचतं. वायरी खालून आत घ्या आणि शिरण्याआधी खाली झोळ द्या.

शून्य सूर्यावरून लावा

मोबाइलच्या होकायंत्रावर शून्य लावू नका, तो सुद्धा त्याच सळ्यांच्या वर उभा असतो. बूमला समांतर अर्धा इंची पाइपचा फूटभर तुकडा बांधा, मागे पांढरा कागद धरा. अँटेना सूर्याच्या रोखाने आणा. पाइपमधून कागदावर उजेडाचा पूर्ण गोल ठिपका पडला की बूम बरोबर सूर्याकडे आहे. पाइपमधून डोळ्याने कधीही बघू नका. त्या क्षणाचा सूर्याचा अझिमथ स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या ॲपमध्ये मिळतो, तो टेपवर आणि कंट्रोलरमध्ये लावा.

हे काम सकाळी आठच्या सुमारास किंवा दुपारी साडेचारनंतर करा. बेळगावला मेच्या सुरुवातीला आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य भरदुपारी अगदी डोक्यावर येतो, तेव्हा त्याचा अझिमथ बघता बघता पालटतो आणि त्याच्यावरून दिशा लावणं अशक्य होतं. पावसाळ्यात तर आठवडा-आठवडा सूर्यच दिसत नाही. त्यासाठी गच्चीवरून दिसणाऱ्या राजहंसगडाचा अझिमथ मी नकाशावरून एकदा काढून, सूर्याशी ताडून, टाकीच्या भिंतीवर ऑइल पेंटने लिहून ठेवलाय. ढग खाली उतरले की गडही जातो, म्हणून शेजारच्या गल्लीतल्या उंच टाकीचाही आकडा त्याच्याखाली आहे.

गिअरबॉक्समध्ये अजून अडीच-तीन अंशांची ढिलाई आहे, बूम हाताने हलवला तर जाणवते. ७ एलिमेंटच्या यागीचा झोत ४५ अंशांच्या आसपास रुंद असतो, तिथे तीन अंश कुठे हरवले ते कानाला कळतही नाही. डिश फिरवायची असती तर मी ती काढली असती. निपाणीच्या मित्राने फोन ठेवला आणि त्याच संध्याकाळी टेप चिकटवली. दुसऱ्या दिवशी त्याने आकडे पाठवले, चूक फेरीगणिक वाढणारी होती. त्याचा गिअरबॉक्स आता उतरलाय, रविवारी तो घेऊन येतोय, मामांना सांगून ठेवलंय.